माळ्यावरच्या फ्लॉपीतला जमाखर्च

यंदा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी यावल तालुक्यातील आमच्या जुन्या घराचा माळा झाडताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अकरा फ्लॉपी सापडल्या. प्रत्येकीवर वडिलांच्या अक्षरात ‘घरखर्च 97-98’, ‘केळी 98-99’ असे लिहिलेले होते. त्या काळी रोजकीर्द संगणकावर ठेवायची आणि आठवड्याने फ्लॉपीवर प्रत काढायची, असा त्यांचा शिरस्ता होता. तो सगळा हिशेब आजच्या प्रोग्रॅममध्ये आणायचे आम्ही ठरवले, आणि जुनी माहिती टिकणे म्हणजे नेमके काय काय टिकणे, हे त्या कामातून टप्प्याटप्प्याने कळत गेले.

साडेतीन इंची फ्लॉपीच्या आत पॉलिएस्टरची पातळ गोल चकती असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना लोहाच्या ऑक्साइडचा चुंबकीय लेप असतो. प्रत्येक बाजूला 80 वर्तुळाकार मार्ग, प्रत्येक मार्गावर 18 सेक्टर (म्हणजे मार्गाचे तुकडे) आणि प्रत्येक सेक्टरमध्ये 512 बाइट, म्हणजे एकूण 14,74,560 बाइट एवढीच तिची क्षमता. चुंबकत्व आपोआप उडून गेले असेल अशी अनेकांना भीती वाटते, पण बहुतेक वेळा त्याआधी बिघडतो तो चुंबकीय कण धरून ठेवणारा चिकट पदार्थ. हवेतल्या ओलाव्याने त्याचे रेणू तुटतात, पावसाळ्यात लेपावर बुरशी धरते, आणि उष्णतेमुळे ही रासायनिक झीज वेगाने होते. जळगाव-भुसावळकडचा उन्हाळा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावर डब्याच्या आत काय होत असेल याची कल्पना इथल्या माणसाला वेगळी द्यायला नको. आमच्या एका फ्लॉपीची धातूची झडप गंजून अडकली होती, तर दुसरीच्या चकतीवर तिरप्या उजेडात राखाडी ठिपके दिसत होते.

फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वी तिच्या कोपऱ्यातली छोटी खिटी सरकवून खिडकी उघडी करावी, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिले जात नाही. सोनीने जपानमधील फ्लॉपीविक्री मार्च 2011 मध्ये थांबवली, तरी यूएसबीला जोडायचे ड्राइव्ह अजून मिळतात. मात्र सव्वापाच इंची फ्लॉपी त्यांत चालत नाही. एकेक फाइल कॉपी करत बसण्यापेक्षा आधी संपूर्ण चकतीची सेक्टरवार प्रतिमा, म्हणजे एकाच फाइलीतली हुबेहूब नक्कल, काढून घेणे कधीही श्रेयस्कर, कारण जीर्ण चकतीवर ड्राइव्हचे वाचणारे डोके जितक्या वेळा घासेल तितका लेप खरवडण्याचा धोका वाढतो. ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हा मोफत प्रोग्रॅम आधी धडधाकट भाग उचलतो आणि अडलेल्या भागांकडे नंतर पुन्हा पुन्हा वळतो. शाळेत गणिताचा ताळा करायचो, तसाच 16 बिटांचा ताळा प्रत्येक सेक्टरच्या शेवटी लिहिलेला असतो. वाचलेल्या मजकुरावरून काढलेली संख्या त्याच्याशी जुळली नाही की ड्राइव्ह ‘कर्र-टक्’ असा आवाज करत तोच मार्ग पुन्हा वाचू लागतो. आमच्या नऊ चकत्या पहिल्याच फेरीत वाचल्या गेल्या, दहावी चार फेऱ्यांनंतर वाचली गेली, आणि ठिपक्यांच्या अकरावीतले सहा सेक्टर, म्हणजे 3,072 बाइट, शेवटपर्यंत हाती आले नाहीत.

ही माहिती सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर टाकली की काम संपले, असे मात्र नाही. लिहिता येणाऱ्या सीडीत सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि तो उजेडाने व उष्णतेने खराब होतो. पेन ड्राइव्ह आणि एसएसडी (फिरती चकती नसलेली, चिपवरची डिस्क) यांत माहिती म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत अडकवलेला विद्युतभार असतो आणि तो हळूहळू गळतो. जेडेक या चिपांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार घरगुती एसएसडीने आपली लेखनमर्यादा गाठल्यानंतर, वीज न जोडता 30 अंशांना एक वर्ष माहिती राखली म्हणजे पुरे. आमच्याकडचा उन्हाळा तर त्या तापमानाच्या कितीतरी वर जातो. म्हणून आम्ही तीन प्रती केल्या: एक संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक धुळ्याला बहिणीच्या घरी.

बाइट हाती आले, तरी ते ज्या प्रोग्रॅमने लिहिले तो चालला पाहिजे. मायक्रोसॉफ्ट मनी हा घरगुती हिशेबाचा एके काळचा लोकप्रिय प्रोग्रॅम. त्याची विक्री 2009 मध्ये थांबली आणि 2010 मध्ये, जुन्या वापरकर्त्यांना आपल्या फाइली उघडता याव्यात म्हणून, त्याची शेवटची मोफत आवृत्ती देण्यात आली. वडिलांचा प्रोग्रॅम डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीवरचा होता. तो डॉसबॉक्समध्ये, म्हणजे आजच्या संगणकावर डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवून आम्ही सगळ्या नोंदी साध्या मजकुराच्या, स्वल्पविरामांनी विभागलेल्या फाइलीत उतरवल्या. अशी फाइल हिशेबाचा जवळजवळ कोणताही प्रोग्रॅम वाचू शकतो. माझे स्पष्ट मत आहे की नवी आवृत्ती घेताना जुनी चालू असेपर्यंतच ही साधी प्रत काढून ठेवावी, कारण जुनी काढून टाकल्यावर तेच काम दसपट अवघड होते.

खरा घोटाळा तारखांत झाला. ‘03/04/98’ म्हणजे आपल्याकडे 3 एप्रिल, पण अमेरिकी पद्धतीवर बेतलेला नवा प्रोग्रॅम तिला 4 मार्च समजला, आणि मजुरीची ती नोंद एका आर्थिक वर्षातून उचलून मागच्या वर्षात गेली. दिवस 12 पेक्षा मोठा असेल तर प्रोग्रॅम अडतो आणि चूक लगेच कळते. मात्र वर्षातल्या 132 तारखा अशा आहेत की त्या गुपचूप बदलतात. सगळ्या वर्षांची एकत्र बेरीज बरोबरच येते, म्हणून 31 मार्चची शिल्लक वर्षागणिक जुळवून पाहण्याला पर्याय नाही.

सालदाराचा (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचा) हिशेब वडिलांनी मराठीत, त्या काळच्या फॉन्टमध्ये ठेवला होता. त्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत, त्यामुळे तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतामध्ये ‘क’ला 0915 हा कायमचा क्रमांक आहे, जुन्या फॉन्टांत मात्र प्रत्येकाची व्यवस्था निराळी होती. शिवाय ‘किराणा’ लिहिताना जुन्या फॉन्टात आधी वेलांटी आणि मग ‘क’ साठवला जाई, तर युनिकोडमध्ये आधी ‘क’ येतो आणि वेलांटी त्याच्यामागून. म्हणून त्या विशिष्ट फॉन्टसाठीचाच परिवर्तक लागतो, आणि तो वापरल्यावरही रफार व जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावी लागतात.

तारखा दुरुस्त केल्यावर 31 मार्च 1998 ची शिल्लक वडिलांच्या कागदी लाल वहीतल्या आकड्याशी पैशापर्यंत जुळली. 31 मार्च 1999 ची मात्र 640 रुपयांनी चुकत होती. हरवलेल्या सहा सेक्टरांतल्या नोंदी त्या वहीतल्या खतावणीत शोधल्या, तेव्हा सालदाराला दिलेल्या दोन उचली सापडल्या, 400 आणि 240 रुपयांच्या. त्या आम्ही हाताने भरल्या आणि शेऱ्यात लिहिले: ‘वहीवरून, फ्लॉपी वाचता आली नाही’.