फाइल हस्तांतरण प्रोग्राम (घरगुती संगणकासाठी)

घरच्या संगणकावरच्या फायली दूरच्या सर्व्हरवर चढवण्यासाठी आणि तिथून उतरवण्यासाठी वापरायचा प्रोग्राम. स्वतःची वेबसाइट सांभाळणाऱ्याला तो लागतो, तसाच अल्बमचे जड फोटो छापखान्याच्या सर्व्हरवर टाकणाऱ्या फोटोग्राफरलाही. पलीकडचा सर्व्हर कोणता प्रोटोकॉल (दोन संगणकांनी बोलण्याची ठरलेली पद्धत) घेतो हे आधी विचारावे. प्रोग्राम त्यानंतर ठरवावा.

एफटीपी (फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल) हा यातला सर्वांत जुना प्रोटोकॉल. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले अभय भूषण यांनी १९७१ साली अमेरिकेतल्या एमआयटीत असताना त्याचा पहिला मसुदा लिहिला. त्यात पासवर्ड उघडाच जातो, त्यामुळे आज तो टाळावा. एफटीपीएस म्हणजे तोच एफटीपी टीएलएसच्या, म्हणजे मजकूर सांकेतिक करून पाठवण्याच्या पद्धतीच्या, आवरणात. एसएफटीपी मात्र नावसाधर्म्य असूनही वेगळा आहे: तो एसएसएचवर (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणीची पद्धत), पोर्ट २२ वरून (पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) चालतो. सोय असेल तिथे हाच घ्यावा.

फाइलझिला विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. विनएससीपी फक्त विंडोजवर. दोन्ही फुकट मिळतात आणि वरचे तिन्ही प्रोटोकॉल जाणतात. फाइलझिलात पासवर्ड साठवायचा तर मास्टर पासवर्ड (साठवलेल्या पासवर्डांना कुलूप लावणारा मुख्य पासवर्ड) लावावाच, नाहीतर साठवलेला पासवर्ड कोणालाही सहज उलगडता येतो.

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या घरातून अंबडच्या छापखान्याला ४ जीबीची एकच फाइल पाठवायची आहे असे धरू. अपलोडचा वेग सेकंदाला २० मेगाबिट असेल तर, ८ बिटांचा एक बाइट या हिशोबाने, सेकंदाला २.५ मेगाबाइट जातात, म्हणजे सुमारे २७ मिनिटे. पंचविसाव्या मिनिटाला लाइट गेली तर? विनएससीपी एसएफटीपीवर मोठी फाइल आधी ‘फाइलपार्ट’ असे शेपूट लावून चढवतो आणि पूर्ण झाल्यावरच मूळ नाव देतो. त्यामुळे अर्धवट फाइल छापखान्यात पूर्ण समजून उघडली जात नाही, आणि राहिलेले काम तिथूनच पुढे सुरू करता येते. विंडोजवाल्यांनी तोच घ्यावा, तो यासाठी.

एफटीपीत लॉगिन होते पण फोल्डरची यादी काही येत नाही, ही नेहमीची तक्रार. ॲक्टिव्ह मोडमध्ये सर्व्हर उलट घरच्या संगणकाशी जोडणी करू पाहतो आणि राउटर ती अडवतो. पॅसिव्ह मोड (यात जोडणी घरचा संगणकच करतो) निवडला की बहुधा प्रश्न सुटतो. विंडोजसोबत येणाऱ्या जुन्या ‘एफटीपी’ कमांडला हा मोड येतच नाही. फोटो चढला पण उघडत नाही, तेव्हा तो बहुधा ॲस्की मोडमध्ये (साध्या मजकुरासाठीचा मोड) गेलेला असतो: त्या मोडमध्ये ओळींच्या शेवटाच्या खुणा बदलल्या जातात आणि चित्र बिघडते. दोन्हीकडचा आकार बाइटमध्ये ताडून पाहावा. फरक असेल तर बायनरी मोड (फाइल जशीच्या तशी पाठवणारा) लावून पुन्हा पाठवावे.

एसएफटीपीने पहिल्यांदा जोडताना सर्व्हरच्या किल्लीचा ठसा (सर्व्हरची ओळख पटवणारी अक्षर-अंकांची ओळ) दिसतो. तो छापखान्याला फोन करून ताडावा. न वाचता ‘होय’ दाबण्याची सवय वाईट. पुढे कधी ठसा बदलल्याचा इशारा आला तर पासवर्ड टाकण्याआधी विचारून घ्यावे.

‘रामकुंड पहाट’सारखी देवनागरी नावे सर्व्हरवर प्रश्नचिन्हांत दिसली, तर साइटच्या सेटिंगमध्ये यूटीएफ-८ (अक्षरे बाइटांत लिहिण्याची पद्धत) निवडावे. तरीही नावे आटोपशीर ठेवावीत: लिनक्सवर नावाची मर्यादा सहसा २५५ बाइटांची असते, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि काना, मात्रा, वेलांटी स्वतंत्र मोजल्या जातात. म्हणजे ८५ चिन्हांतच नाव संपते.