घडीची शिडी आणि सरकणारी शिडी: नाव एक, कामं वेगळी

दाजींचा परवा बेळगावच्या शहापुरातल्या दुकानातून फोन आला. खानापूर तालुक्यातल्या गावच्या घराची कौलं पावसाआधी चाळायची होती. जुन्या बांबूच्या शिडीला वाळवी लागलेली, आणि समोर दोन नव्या शिड्या मांडलेल्या. "दुकानदार दोन्हीला फोल्डिंगच म्हणतोय. दोन्ही ॲल्युमिनियमच्या, दोन्ही डिकीत मावतात. कुठली घेऊ?"

मी म्हटलं, "दाजी, आज कुठलीच घेऊ नका. आधी घरी जाऊन पागोळीची, म्हणजे छपराच्या खालच्या कडेची, उंची मोजा, आणि वर्षात शिडी कुठंकुठं लागते ते अक्काला विचारा."

गोंधळ नावाचा आहे. पहिली शिडी बिजागऱ्यांची. तिचे चार तुकडे असतात. प्रत्येक तुकड्याला तीन पायऱ्या असतील तर ती 'चार बाय तीन', चार असतील तर 'चार बाय चार'. मधल्या तीन जोडांवर दोन्ही बाजूंना मिळून सहा बिजागऱ्या, आणि प्रत्येकीला खटका. सगळी सरळ केली की भिंतीला टेकवायची लांब शिडी होते. मधोमध दुमडली की रंगारी वापरतात तसा घोडा. दोन्ही टोकं खाली वळवून मधला भाग आडवा ठेवला की फळी टाकून उभं राहायचा बुटका माचा. दुसरी सरकणारी, म्हणजे टेलिस्कोपिक. तिच्या नळ्या एकीत एक जातात आणि प्रत्येक पायरीपाशी पिना बसतात. ती लांब होते, आखूड होते, पण साध्या प्रकारात तिला काहीतरी टेकायलाच लागतं. दोन्हीकडून पाय असलेल्या सरकणाऱ्या शिड्याही मिळतात, पण दुकानात दाजींसमोर होती ती साधीच.

हा टेकण्याचा मुद्दा आपल्याकडं सगळ्यात महत्त्वाचा आहे. जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात उभी राहिलेली घरं उतरत्या छपराची, पागोळी खाली आलेली. तिथं टेकायची शिडी लावली की तिचं डोकं थेट कडेच्या कौलावर येतं. एक मंगलोरी कौल अडीच-तीन किलोचं. ते सरकलं की शिडी सरकते, फुटलं तर त्याचे तुकडे खालच्या माणसाच्या डोक्यावर. घोडा मात्र स्वतःच्या पायांवर उभा राहतो, कौलाला शिवतही नाही. चार बाय तीनचा घोडा साधारण पावणेदोन मीटर उंच होतो. वरच्या दोन पायऱ्या सोडून उभं राहिलं तरी मध्यम उंचीच्या माणसाचा हात दहा फुटांच्या आसपास पोचतो. आठ फुटांवरच्या पागोळीची कडेची कौलं बदलायला एवढं पुरतं. घोड्यावरून छपरावर पाय टाकायचा मात्र नाही. वर चढायचं असेल तर सरळ शिडीच हवी, भक्कम जागी टेकवलेली आणि कडेच्या वर निदान एक मीटर आलेली, म्हणजे उतरताना धरायला काहीतरी राहतं. दाजींच्या घराला एका बाजूला दगडी भिंत उंच गेलीय, तिथं ते जमेल.

टेकवताना कोन किती? चार फूट उंचीला एक फूट, असा हिशेब. बारा फुटांवर टेकवली तर पाय भिंतीपासून तीन फूट. आमच्या लाल मातीवर एक पाऊस पडला की पायांखालचे रबरी बूट घसरतात, म्हणून खाली फळी आणि धरायला एक माणूस पाहिजेच.

सरकणारीचा जीव नळ्यांत असतो. वाळू, सिमेंट, लाल धूळ आत गेली की पायऱ्या अडकतात किंवा पिना पूर्ण बसत नाहीत. बांधकामाच्या किंवा शेताच्या कामाला मी ती देणार नाही. मिटवताना पायऱ्या धाडकन खाली येतात, बोट मधे सापडतं. घरात, फरशीवर, जागा कमी असलेल्या फ्लॅटमध्ये मात्र ती गुणाची आहे. पायऱ्या उभ्या एकावर एक बसतात, कपाटाआड जाते.

बिजागऱ्यांच्या शिडीचा दोष वजनाचा. चार बाय तीन बारा किलोच्या आसपास, चार बाय चार त्याहून जड. ती उभ्या उभ्या उलगडायची नाही. जमिनीवर आडवी ठेवायची, सहाही खटके बसल्याचा आवाज ऐकायचा, हाताने हलवून बघायचं, मगच उभी करायची. पहिल्या वर्षी मी पाचच तपासले होते. सहावा चढताना सुटला. तेव्हा जमिनीपासून दोनच पायऱ्यांवर होतो म्हणून घोट्यावर निभावलं. माचा करताना पायऱ्यांवर फळी घातल्याशिवाय उभं राहू नये. दुकानात शिडी त्या रूपात मांडलेली बघितली की फळी सोबत मिळते का, ते विचारा.

लेबल वाचता आलं तर फसवणूक टळते. युरोपीय मानक ईएन 131 चा चौथा भाग बिजागऱ्यांच्या शिड्यांचा, सहावा सरकणाऱ्या शिड्यांचा. वजन 150 किलो लिहिलेलं असेल तर त्यात माणूस, हत्यारं, हातातली कौलं सगळं आलं. तरी कौलं हातात घेऊन चढू नका. एक हात सतत शिडीवर पाहिजे, कौलं टोपलीत घालून दोरीनं वर ओढा.

आणि दोन्ही शिड्या ॲल्युमिनियमच्या. गल्लीतल्या खांबावरून घरात येणारी वायर पागोळीजवळूनच जाते. लांब शिडी उचलताना वरचं टोक कुठं जातंय ते बघणारा एक माणूस खाली पाहिजे. आंबे काढतानाही हेच. लाइनजवळचं काम फायबरग्लासच्या शिडीवरचं, आणि तेही वायरमनचं.

संध्याकाळी अक्कानं यादी सांगितली: गावी कौलं आणि माळा, टिळकवाडीच्या घरात पंखे, दिवाळीआधी रंग. घोडा, सरळ शिडी, माचा, तिन्ही आकार लागणार. दाजींना म्हटलं, चार बाय तीन घ्या, चार बाय चारचं वजन अक्काला उचलणार नाही. फक्त पंखे आणि माळा असता तर साधी घरगुती पाच पायऱ्यांची शिडीच घ्यायला सांगितली असती. तीन आकारांतला एकच वापरायचा असेल, तर उरलेल्या दोघांचं वजन आणि खटके उगाच सांभाळावे लागतात.

रविवारी गावी गेलो. दाजींनी खटके मोजायला धाकट्या भाच्याला बसवलं होतं. तो मोठ्यानं मोजायचा, आणि त्याचा "सहा!" ऐकू आल्याशिवाय दाजी पहिल्या पायरीवर पाय ठेवत नव्हते.