टॉर्चची खरी परीक्षा पाचव्या मिनिटाला

घरी बनवलेल्या दमदार टॉर्चचा फोटो म्हटला की बहुतेक वेळा एकच दृश्य दिसतं: मिट्ट काळोख आणि त्यात घुसलेला पांढराफटक झोत. बघायला झकास, पण टॉर्च कसा बनलाय याचा त्यातून पत्ता लागत नाही. मला त्याच्या आधीचा फोटो बघायचा असतो. काच आणि रिफ्लेक्टर बाजूला काढलेले, एलईडीची चिप जिच्यावर असते ती धातूची चकती बॉडीच्या ॲल्युमिनियमवर बसायच्या बेतात, असा. प्रकाश तर आता तयारच मिळतो. इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना ज्या निळ्या एलईडीसाठी २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्याच निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळा प्रकाश शोषून पिवळा देणाऱ्या पदार्थाचा, लेप दिला की पांढरा उजेड पडतो. घाम काढते ती उष्णता.

हिशेबच करू. ३० वॅटवर चालणारा एलईडी घ्या. वॅटमागे १०० लुमेन (लुमेन म्हणजे एकूण प्रकाशाचं माप) धरले तर ३,००० लुमेन झाले. पण ३० वॅटपैकी प्रकाश म्हणून बाहेर पडतात साधारण १०. उरलेल्या २० वॅटची चिपमध्येच उष्णता होते. जुन्या तारेच्या बल्बची बरीचशी उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात काचेतून निघून जायची. एलईडीला ती वाट नाही. नखापेक्षा लहान चिपमधली सगळी उष्णता पाठीमागून, धातूतून धातूत, काढावी लागते.

आणि घोटाळा होतो तो नेमका दोन धातूंच्या मध्ये. चकती आणि तिच्याखालचं ॲल्युमिनियम, दोन्ही हाताला कितीही गुळगुळीत लागोत, बारकाईने पाहिलं तर दोन्हींवर उंचवटे आणि खळगे असतात. खळग्यांत हवा अडकते आणि हवा उष्णता फार वाईट वाहून नेते. समजा २० मिलिमीटर व्यासाच्या चकतीखाली कागदाएवढा, म्हणजे ०.१ मिलिमीटरचा, अखंड हवेचा थर राहिला. त्यातून २० वॅट पार जायला चकतीचं तापमान खालच्या धातूपेक्षा सुमारे २४० अंशांनी चढावं लागेल. एलईडी त्याआधीच जळेल. त्याच जागी उष्णता हवेच्या शंभरपट चांगली वाहून नेणारी थर्मल पेस्ट भरली, तर फरक उरतो अडीच अंशांचा. म्हणून पेस्ट लावायची ती खळगे बुजवण्यापुरतीच. टाचणीच्या डोक्याएवढे दोन-तीन ठिपके, चकती दाबून किंचित फिरवायची आणि स्क्रू आवळायचे. जाड थापली तर तीच अडथळा होते, कारण तिच्यापेक्षा ॲल्युमिनियम कितीतरी सरस वाहक आहे.

उष्णता बॉडीत पोचली की वजन कामाला येतं. २०० ग्रॅम ॲल्युमिनियम एक अंशाने तापायला साधारण १८० जूल लागतात. २० वॅट म्हणजे सेकंदाला २० जूल. म्हणजे मिनिटाला साडेसहा अंश, आणि पाच मिनिटांत, हवेत जाणारी थोडी उष्णता सोडली, तर तीसेक अंशांची वाढ. एवढ्यात टॉर्च हातात धरवत नाही. पण नवख्यांना उलटं वाटतं तेच इथे खरं आहे: बॉडी तापली तर जोडणी बरोबर आहे. प्रकाश मंदावतोय आणि बॉडी मात्र गारच, हे वाईट लक्षण. तेव्हा उष्णता चिपमध्ये कोंडलेली असते. लगेच बंद करा.

ड्रायव्हर, म्हणजे सेल आणि एलईडी यांच्या मधलं सर्किट, नियंत्रित करंट देणाराच हवा. एलईडीला व्होल्टेज जरासं जास्त मिळालं तरी करंट कितीतरी वाढतो. शिवाय तापल्यावर त्याच व्होल्टेजला एलईडी आणखी करंट ओढतो, मग आणखी तापतो. सेलही तेवढा करंट देण्याजोगा घ्या. ३.७ व्होल्टच्या एकाच लिथियम-आयन सेलवर ३० वॅट काढायचे तर ८ ॲम्पिअरहून जास्त लागतात, आणि ते प्रत्येक सेलला झेपत नाही.

झोत किती लांब जातो ते लुमेनवर नाही, कॅन्डेलावर, म्हणजे एका दिशेला प्रकाश किती एकवटलाय त्यावर, ठरतं. प्रकाश पौर्णिमेच्या चांदण्याइतका, म्हणजे ०.२५ लक्स, उरतो तिथपर्यंत टॉर्चचा पल्ला मोजतात. १०,००० कॅन्डेलाला तो २०० मीटर येतो. ४०० मीटर हवे असतील तर कॅन्डेला चौपट लागतात. त्यासाठी एलईडी बदलण्याआधी मोठा रिफ्लेक्टर लावून पाहावा.

आता झोताचा फोटो. मोबाइल ऑटोवर असला की एक्स्पोजर स्वतःच जुळवून घेतो, त्यामुळे साधा टॉर्चही जबरदस्त दिसतो आणि जबरदस्त टॉर्च साधा. आयएसओ, शटर आणि व्हाइट बॅलन्स हाताने ठरवा, मोबाइल स्टँडवर ठेवा, सेल पूर्ण भरून घ्या. झोत भिंतीवर पाडा. त्यात थेट डोळे घालून कुणी बघू नये. पहिला फोटो टॉर्च लावताक्षणी, दुसरा पाच मिनिटांनी, सेटिंग तीच. दोन्ही शेजारी ठेवले आणि दुसऱ्यातली भिंत पहिल्यापेक्षा उघड काळवंडलेली दिसली, तर चकतीचे स्क्रू काढा आणि खालची पेस्ट कुठे पसरली, कुठे पोचलीच नाही, ते बघा. त्याचाही फोटो काढा.