लवंगेचा देठ : फळांच्या आकाराचे कपकेक आले कुठून?

मिठाईच्या दुकानात काजूचं सफरचंद मिळतं. पिवळसर गोळ्याच्या एका गालावर लाल रंगाचा हात फिरवलेला आणि डोक्यात देठ म्हणून खोचलेली लवंग. हल्ली मुलांच्या वाढदिवसाला फळांच्या आकाराचे कपकेक मागवतात, त्यांतल्या सफरचंदालाही पुष्कळदा हाच देठ असतो. आणि इटलीच्या दक्षिणेला, सिसिली बेटावरच्या पालेर्मो शहरात बदामाच्या पिठीची फळं विकायला मांडलेली असतात, तिथेही देठाच्या जागी लवंगच.

या खटाटोपाचं जुनं घर पालेर्मोच म्हणायला हवं. ८३१ साली हे शहर अरबांच्या ताब्यात गेलं आणि त्यांच्याबरोबर सिसिलीत ऊस आला. बदाम वाटून साखरेत मळला की कणकेसारखा गोळा होतो आणि त्याला हवा तो आकार देता येतो. यालाच मार्झिपान म्हणतात. ११९४ मध्ये एलोइसा मार्तोराना या बाईंनी पालेर्मोत जोगिणींचा मठ स्थापन केला. दंतकथा अशी, की एकदा मठात बडा पाहुणा यायचा होता. कुणी म्हणतं बिशप, कुणी म्हणतं राजा. बागेतली झाडं तेव्हा नेमकी बोडकी. जोगिणींनी मार्झिपानची फळं वळली, रंगवली आणि फांद्यांना टांगली. कथा खरी-खोटी देव जाणे, पण त्या फळांना आजही ‘फ्रुत्ता मार्तोराना’ हेच नाव आहे. प्लास्टरच्या साच्यात दाबून काढायची, सुकवायची आणि मग ब्रशने रंगवायची. केळ्यावरचे तपकिरी डागसुद्धा सोडायचे नाहीत.

ही फळं विशेष करून २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी मुलांना देतात. रात्री घरातले गेलेले आजी-आजोबा येऊन खाऊ ठेवून जातात, असं पोरांना सांगायची पद्धत. आपल्याकडे आपण पितरांना वाढतो, तिथे पितर पोरांना वाढतात.

मार्झिपान पोर्तुगीजांबरोबर गोव्यातही पोचलं, पण इथे बदाम परवडेना. पोर्तुगीजांनीच सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेला काजू मात्र तोवर डोंगरउतारांवर रुजला होता. म्हणून गोव्याचं मार्झिपान काजूचं. नाताळच्या कुस्वारच्या, म्हणजे तिथल्या फराळाच्या ताटात दोदोल, नेवऱ्यांच्या शेजारी ते दिसतं, साच्यातून काढलेली फुलं, मासे, फळं या रूपांत. मिठाईवाल्याच्या काजूफळाचा आणि गोव्याच्या मार्झिपानचा थेट संबंध मला जोडता येत नाही. पण दोन्ही शेजारी ठेवली तर सख्खी भावंडं वाटतात. आणि साखरेशी खेळणं आपल्यालाही नवं नाही. गुढीपाडव्याच्या गाठी लाकडी साच्यात दोरा घालून, वर पाक ओतूनच होतात.

हे झालं फळाचं. कपकेकमधला ‘कप’ अमेरिकेतला. १७९६ साली अमेलिया सिमन्स यांच्या पाककृतींच्या पुस्तकात लहान कपांत भाजायच्या हलक्या केकची कृती आली. १८२८ मध्ये एलायझा लेस्ली यांनी ‘कप केक’ हे नाव छापलं. तिथे कप होता तो मापाचा. तराजू काढायचा नाही. पुढे रूढ झालेलं प्रमाण तर तोंडपाठच: एक कप लोणी, दोन कप साखर, तीन कप मैदा, चार अंडी. आपल्या आयांचं ‘वाटीला वाटी’ तेच.

अंड्यावरून आठवलं. घरगुती बेकरीवालीला आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, “एगलेस आहे ना?” त्याचं उत्तर देणं ज्या बेकिंग पावडरीमुळे सोपं झालं, तिच्यामागेही पथ्यच आहे. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडं सोसत नव्हतं आणि यीस्टही. तिच्यासाठी त्यांनी १८३७ मध्ये बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली आणि १८४३ मध्ये बेकिंग पावडर. आपल्या फ्रूट कस्टर्डचा डबाही त्याच घरातून निघालेला.

रंगाची गोष्ट एवढी गोड नाही. एकोणिसाव्या शतकात मिठाई खुलवायला शिशाची आणि तांब्याची संयुगं सर्रास वापरत. लंडनमध्ये फ्रेडरिक आकुम यांनी १८२० मध्ये पुस्तक लिहून त्याचा बभ्रा केला. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाच्या हातून डांबरापासून जांभळा रंग अपघाताने तयार झाला. तो कापडासाठी होता, पण त्याच वाटेने पुढे खाण्याचे रंगही आले. भारतात आज खाण्यात आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे. तरी २०२४ मध्ये तमिळनाडूत ‘म्हातारीच्या केसां’मध्ये ऱ्होडामिन-बी हा कापडाचा गुलाबी रंग सापडला आणि तिथे त्या गोळ्यावर बंदी आली. स्ट्रॉबेरी जरुरीपेक्षा जास्त चमकत असेल, तर मी तरी विचारते.

फळ आणि कप यांची गाठ पडली ती पार्टीच्या टेबलावर. न्यूयॉर्कमध्ये १९९६ साली उघडलेल्या मॅग्नोलिया बेकरीचे कपकेक २००० मध्ये एका गाजलेल्या टीव्ही मालिकेत दिसले आणि वेड पसरलं. केक कापायचा नाही, सुरी-प्लेटची भानगड नाही, प्रत्येक पोराला आपापला. आणि कपकेकचा फुगीर माथा म्हणजे अर्धं फळ तयारच.

आता हात लावून बघू. संत्रं करायचं तर नारिंगी फोंडंटचा, म्हणजे साखरेच्या मळलेल्या गोळ्याचा, गोल काप खिसणीच्या बारीक बाजूवर हलकेच दाबायचा, सालीवरचे खड्डे आपोआप उठतात. कलिंगडाला आतला केक लाल, त्यात चॉकलेट चिप्सच्या बिया आणि बाहेर हिरवा कागद. स्ट्रॉबेरीला तीळ. सीताफळ सगळ्यात आपलं आणि सगळ्यात सोपं: हिरव्या क्रीमचे ठिपके कडेपासून एकमेकांना चिकटवत वर न्यायचे. परदेशी व्हिडिओ बघून केलेलं काम मुंबईच्या पावसाळ्यात मात्र फसतं. फोंडंटला घाम फुटतो, संत्र्याचे खड्डे तासाभरात बुजतात. शिवाय बऱ्याच फोंडंटमध्ये जनावरांपासून काढलेलं जिलेटिन असतं, म्हणून पाकिटावरचा हिरवा ठिपका आधी बघावा लागतो.

देठाला मी लवंगच लावायचे. मग एका पाच वर्षांच्या पाहुणीने सफरचंद देठासकट तोंडात टाकलं, दोनदा चावलं आणि आईच्या तळहातावर सगळं परत ठेवलं. तेव्हापासून देठ चॉकलेटचा.