कोळंबी, जाळी आणि रसायनं: अँटी-डम्पिंग कायदा कोकण किनाऱ्यापर्यंत कसा आला

खाजणात कोळंबीची तळी असलेल्या शेतकऱ्याला भाव विचारला की तो आधी काउंट सांगतो. किलोला तीस नग बसले तर एक भाव, पन्नास बसले तर दुसरा. व्यापारी तळ्याच्या बांधावर जो भाव बोलतो, त्यात वॉशिंग्टनमध्ये ठरलेल्या एका शुल्काचा भारही असतो. भारतातून जाणाऱ्या गोठवलेल्या कोळंबीवर अमेरिकेने फेब्रुवारी २००५ मध्ये अँटी-डम्पिंग शुल्काचा आदेश काढला. आपल्या देशातल्या भावापेक्षा स्वस्तात परदेशात माल विकणं म्हणजे डम्पिंग, आणि त्यावरचं जादा शुल्क ते अँटी-डम्पिंग. त्या आदेशाला वीस वर्षं उलटली तरी तो उठलेला नाही. (२०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर लादलेलं वाढीव आयातशुल्क वेगळं, त्याचा या कायद्याशी संबंध नाही.)

या कायद्याचा जन्म कॅनडातला, साल १९०४. तिथे रेल्वेचं जाळं विणलं जात होतं आणि अमेरिकेतले बलाढ्य पोलाद कारखाने आपल्या देशापेक्षा कमी भावात कॅनडात माल विकतात, अशी ओरड होती. पोलादवाल्यांना सरसकट जास्त आयातशुल्क हवं होतं, तर गव्हाच्या शेतकऱ्यांना स्वस्त परदेशी अवजारं. अर्थमंत्री फील्डिंग यांनी मधली वाट काढली. शुल्क सगळ्या मालावर वाढवायचं नाही, फक्त जो माल मूळ देशातल्या भावापेक्षा स्वस्तात येतो त्यावर जादा आकारणी करायची. पुढच्या दोन वर्षांत न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियानेही असेच कायदे केले.

अमेरिकेचा पहिला कायदा १९१६ चा, म्हणजे ऐन महायुद्धातला. युद्ध संपलं की जर्मन माल, विशेषतः रंग आणि रसायनं, बाजारात ओतला जाईल ही भीती त्यामागे होती. त्या कायद्यात अमेरिकेतला उद्योग बुडवण्याचा विक्रेत्याचा हेतू न्यायालयात सिद्ध करावा लागे. हे इतकं अवघड होतं की कायदा जवळजवळ कागदावरच राहिला. म्हणून १९२१ मध्ये दुसरा कायदा आला आणि त्याने हेतूची अट काढून टाकली. भाव कमी आहे आणि अमेरिकेतल्या उद्योगाला इजा होते आहे, एवढं दाखवलं की पुरे. निवाडा न्यायालयाकडून सरकारी खात्याकडे गेला.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं खरं वळण हेच. हेतू पाहायचा तेव्हा प्रश्न लबाडीचा होता. हेतू गेला आणि उरला फक्त हिशोब. तो हिशोब कसा मांडायचा हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात निकाल. अर्थतज्ज्ञ जेकब व्हायनर यांनी १९२३ च्या आपल्या ग्रंथात डम्पिंगची व्याख्या दोन देशांच्या बाजारांत लावलेले वेगवेगळे भाव अशी केली. १९४७ च्या गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या सहाव्या कलमात अमेरिकी कायद्याचीच चौकट आली. १९९४ मध्ये याच कराराच्या वाटाघाटींच्या उरुग्वे फेरीत डम्पिंगवर सविस्तर करार झाला आणि १ जानेवारी १९९५ पासून तो जागतिक व्यापार संघटनेचा भाग बनला. दोन भावांत दोन टक्क्यांहून कमी फरक असेल तर चौकशी थांबवायची, आणि पाच वर्षांनी शुल्क संपवायचं, मात्र फेरतपासणीत गरज दिसली तर पुढे चालू ठेवायचं, असे नियम त्यात आहेत. शेवटच्या 'मात्र'मुळेच कोळंबीचा आदेश आजवर टिकला.

हिशोबातली मेख कोळंबीच्या प्रकरणात नीट दिसते. ३१ डिसेंबर २००३ रोजी अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कोळंबी व्यावसायिकांनी भारत, चीन, थायलंड, व्हिएतनाम, ब्राझील आणि इक्वेडोर या सहा देशांविरुद्ध अर्ज केला. अर्जदारांत बोटी घेऊन समुद्रात जाणारेही होते, आणि तळ्यातल्या स्वस्त कोळंबीने त्यांचे भाव पाडले होते. आपल्या किनाऱ्यावरच्या ट्रॉलरवाल्याला त्यांचं दुखणं समजायला वेळ लागू नये. पण डम्पिंग ठरवायचं तर मूळ देशातला भाव लागतो, आणि निर्यातीची गोठवलेली कोळंबी तेव्हा भारतात फारशी विकलीच जात नव्हती. अशा वेळी कायद्यात दोन पर्याय आहेत: तिसऱ्या देशातला विक्रीभाव घ्यायचा, किंवा उत्पादनखर्चात इतर खर्च आणि नफा मिळवून एक भाव 'बांधायचा'. तपासणी झाली ती तीनच मोठ्या निर्यातदारांची. त्यांचे दर सुमारे पाच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान आले, आणि बाकी सगळ्यांना सरासरीने १०.१७ टक्के लागले. ज्यांची वही कुणी उघडलीही नाही, त्यांच्यावरही तोच दर. शुल्क भरतो अमेरिकेतला आयातदार, पण तो निर्यातदाराचा भाव तोडतो, निर्यातदार व्यापाऱ्याचा, आणि शेवटी हा भार बांधावर उतरतो.

वर आणखी एक अडचण. आधीच्या वर्षभराच्या शुल्काइतकी हमी आयातदारांनी कस्टमकडे द्यावी, अशी अट अमेरिकेने घातली आणि लहान आयातदारांचा पैसा अडकला. भारताने ती जागतिक व्यापार संघटनेत नेली आणि २००८ मध्ये जिंकली. त्याआधी सुती चादरींच्या प्रकरणात युरोपविरुद्धही भारत जिंकला होता. सरासरी काढताना जिथे निर्यातीला मूळ देशापेक्षा जास्त भाव मिळाला तिथला फरक शून्य धरायचा, ही युरोपची पद्धत २००१ मध्ये बेकायदा ठरली. वसूल झालेलं शुल्क थेट तक्रारदार कंपन्यांना वाटून टाकण्याचा अमेरिकेचा २००० सालचा कायदाही भारतासह अकरा सदस्यांच्या तक्रारीनंतर २००३ मध्ये नियमबाह्य ठरला.

इथवर आपण आरोपीच्या जागी. पण याच किनाऱ्याच्या पाठीशी लोटे-परशुराम, महाड आणि रोह्याच्या औद्योगिक वसाहती आहेत, आणि तिथे मुख्यतः रसायनं बनतात. भारतातली सर्वाधिक अँटी-डम्पिंग प्रकरणं रसायनं आणि पेट्रोरसायनांचीच. आपल्याकडे कायदेशीर तरतूद १९७५ च्या कस्टम्स टॅरिफ कायद्यात कलम ९अ म्हणून आली, नियम १९८५ मध्ये झाले, पण वापर झाला नाही, कारण आयातशुल्कच इतकं जबर होतं की परदेशी माल आत यायचा कसा? १९९१ नंतर भिंत खाली आली, तेव्हा पहिलं प्रकरण पीव्हीसी रेझिनचं, म्हणजे प्लास्टिकच्या कच्च्या मालाचं, उभं राहिलं. १९९५ मध्ये नवे नियम आले, १९९८ मध्ये चौकशीसाठी स्वतंत्र महासंचालनालय झालं आणि २०१८ पासून त्याची जागा व्यापार उपाय महासंचालनालयाने घेतली. १९९५ पासूनची मोजदाद केली तर जगात सर्वाधिक चौकशा भारतानेच सुरू केल्या आहेत. न्हावा शेवा बंदरात एका बाजूने कंटेनर उतरतात तेव्हा हे शुल्क आपण लावतो, दुसऱ्या बाजूने चढतात तेव्हा ते आपल्याला लागतं.

आपल्या नियमांत एक चांगली गोष्ट आहे. उद्योगाची इजा भरून काढायला जेवढं पुरेल तेवढंच शुल्क लावायचं, पूर्ण फरकाइतकं नाही. अमेरिकेत ही सूट नाही. शिवाय महासंचालनालय फक्त शिफारस करतं, अंतिम निर्णय अर्थखात्याचा, आणि २०२० नंतर अर्थखात्याने अनेक शिफारशी स्वीकारल्या नाहीत.

मला जास्त काळजी वाटते ती तिसऱ्या बाजूची, घेणाऱ्याची. २०१८ मध्ये भारताने चीन आणि बांगलादेशातून येणाऱ्या मासेमारीच्या जाळ्यांवर अँटी-डम्पिंग शुल्क लावलं. देशातल्या जाळी कारखान्यांची तक्रार खरी असू शकते. पण तंगुसाचं जाळं घेणाऱ्याच्या, डिझेल आणि बर्फाच्या खर्चाने आधीच वाकलेल्या मच्छीमाराच्या खिशाचं काय? इजेचं मोजमाप कायदा उत्पादकापुरतं करतो. घेणाऱ्याचं नुकसान त्या गणितात येतच नाही.

तरी एक दार उघडं आहे. माल किरकोळ बाजारात विकला जाणारा असेल तर ग्राहकांच्या प्रातिनिधिक संघटनांना, आणि तो कच्चा माल असेल तर वापरणाऱ्या उद्योगांना, चौकशीत आपली माहिती मांडण्याची संधी द्यावी लागते. चौकशी सुरू झाल्याची सूचना राजपत्रात आणि महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर निघते. शुल्काची मुदत संपत आली की होणाऱ्या फेरतपासणीचीही निघते. मच्छीमार सहकारी सोसायट्यांकडे जाळीखरेदीच्या पावत्या आणि भावांच्या नोंदी असतात. पुढच्या वेळी जाळ्यांवर सूचना निघाली की हीच कागदपत्रं मुदतीच्या आत दिल्लीला पोचायला हवीत.