पुस्तकांची पिशवी दारात ठेवण्याआधी एक फोटो पाठवा

सभासदांनो, नमस्कार. आपल्या वाचनालयाच्या काउंटरवर तीन प्रश्न रोज येतात. आमच्याकडची जुनी पुस्तकं घेता का, अमुक पुस्तक इथे होतं ते कुठे गेलं, आणि मी सांगितलेलं पुस्तक अजून का नाही आणलं. उभ्या उभ्या उत्तर देताना मागे रांग लागते आणि निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय.

आधी पिशव्यांचं. डोंबिवलीत हल्ली एकेक करून जुन्या बिल्डिंगी रिडेव्हलपमेंटला चालल्यात, घरं रिकामी होतात आणि भाड्याच्या घरात पुस्तकांना जागा नसते, हे आम्हाला कळतं. रद्दीत द्यायला मन होत नाही म्हणून लोक आमच्याकडे आणतात, त्याचं बरंच वाटतं. पण न विचारता शटरला टेकवून जाऊ नका, एवढीच कळकळीची विनंती आहे. मागच्या जूनमध्ये कोणीतरी रात्री दोन गोण्या ठेवून गेलं आणि पहाटे मोठी सर आली, आम्ही नऊला येऊन बघतो तर खालची सगळी पुस्तकं फुगून एकमेकांना चिकटलेली. त्यात जुन्या दिवाळी अंकांचे बाईंड केलेले गठ्ठे होते, एक फोन आला असता तर आम्ही स्वतः रिक्षा करून घरून आणले असते. अजून हळहळ वाटते.

कोरडी आली तरी काम सुटत नाही. कोणाच्या घरच्या पुस्तकात काय असेल सांगता येत नाही त्यामुळे प्रत्येक पुस्तक उलगडून बघावं लागतं, फोटो निघतात, पत्रं निघतात, एकदा तर सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट निघालं, त्यावर नाव होतं म्हणून परत देता आलं. आणि कसर, म्हणजे पुस्तकं खाणारी बारीक कीड. जुन्या कपाटातून आलेल्या एका पुस्तकातून कसर आमच्या मांडणीत शिरली की आजूबाजूचा अख्खा खण रिकामा करून पुसायला लागतो, म्हणून बाहेरून आलेलं पुस्तक आम्ही महिनाभर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वेगळं ठेवतो आणि मगच दाखल करतो. डांबराच्या गोळ्या टाकून आणलेल्या पुस्तकांचा वास नंतर कितीतरी दिवस जात नाही, त्या टाकू नका.

त्यापेक्षा असं करा. घरीच पुस्तकं टेबलावर ओळीने उभी लावा, पाठीवरची नावं वाचता येतील असा फोटो काढा आणि आमच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. कोणती घेऊ ते दुसऱ्या दिवसापर्यंत कळवतो. तुमचाही वीस किलो वजन उचलून जिना उतरायचा त्रास वाचतो.

आता घेतो काय. कथा, कादंबऱ्या, चरित्रं, प्रवासवर्णनं, लहान मुलांची पुस्तकं, कोकण-ठाण्याकडचं स्थानिक काहीही, आणि दिवाळी अंक. पाठ्यपुस्तकं आणि गाईड नाही घेत. तारीख उलटून गेलेली माहितीची पुस्तकंही नाही, कारण आपल्याकडे मुलं ती खरी मानून वाचतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्याआधीचं कायद्याचं सोपं पुस्तक कोणी विश्वासाने घरी नेलं तर कलमं चुकीची वाचणार. ज्या नकाशात तेलंगण वेगळं दाखवलेलं नाही तो २०१४ च्या आधीचा. प्लूटोला नववा ग्रह म्हणणारी पुस्तकं २००६ नंतर शेल्फवर राहायला नको होती, आमच्याकडे दोन होती, ती सापडल्या सापडल्या काढली.

नवीन खरेदीसाठी काउंटरवर मागणीची वही आहे. तोंडी सांगितलेलं गर्दीत विसरतं, वहीत लिहिलेलं विसरत नाही. दोन वेगवेगळ्या सभासदांनी एकच पुस्तक लिहिलं तर पुढच्या खरेदीत ते येतं, एकानेच लिहिलं असेल तर आम्ही चाळून बघून ठरवतो. गाजलेल्या पुस्तकाच्या दोन प्रती घेतो, चार नाही, कारण वर्षभराने चारही प्रती नुसत्या उभ्या असतात आणि तेवढ्या पैशात मुलांची बरीच पुस्तकं येतात. मुलांची पुस्तकं सगळ्यात लवकर फाटतात आणि आम्ही ती पुन्हा पुन्हा घेतो.

काढण्याबद्दल लोक चिडतात, ते समजू शकतो. एक काका आले होते, बाहेरच्या दहा रुपयांच्या खोक्यात त्यांच्या वडिलांनी 'सप्रेम भेट' लिहून दिलेलं पुस्तक दिसलं, काही न बोलता विकत घेऊन गेले. ते आमचंच चुकलं. तेव्हापासून भेट आलेलं पुस्तक काढायच्या आधी घरच्यांना फोन करतो, त्यासाठीच देताना नाव-नंबर लिहून घेतो. पण काढावं लागतंच. जागा दीड गाळ्याची आहे, आणि ग्रंथालयशास्त्राचे रंगनाथन यांनी १९३१ साली पाच नियम मांडले त्यातला पहिलाच आहे की पुस्तकं वापरासाठी असतात. तारखेच्या चिठ्ठीवर तीन वर्षांत एकही शिक्का नसेल तर पुस्तक आधी दाराजवळच्या खणात सहा महिने ठेवतो, तिथून कोणी नेलं की परत आत जातं, आणि बरीच जातात. पानाचा कोपरा हलका दुमडल्यावर तुटून हातात येत असेल तर मात्र इलाज नसतो. बाजारात पुन्हा न मिळणारं पुस्तक वाचलं जात नसलं तरी ठेवतो. काढलेल्यावर 'बाद' असा शिक्का असतो, तेव्हा फुटपाथवर आमच्या शिक्क्याचं पुस्तक दिसलं तर 'बाद' आहे का बघा, नसेल तर जरूर आणून द्या, चोरीलाच गेलेलं असणार.

फाटलेलं पान सेलोटेपने चिकटवू नका. टेप पिवळी पडते, डिंक पसरतो आणि शेजारची पानंही धरतो. तसंच आणून द्या, त्याचे पैसे लावत नाही, आमच्याकडे बाईंडर येतो.

दिवाळी अंकांच्या योजनेची नावनोंदणी गणपती झाले की सुरू होते. यंदा कोणते अंक हवेत तेही त्याच वहीत लिहा, आणि मागच्या वर्षीचे अंक अर्ध्या किमतीत काढतो, त्याचा खोका नोव्हेंबरात काउंटरखाली असेल.