स्लायडर सरकवला की डोंगराचं काय होतं?

पावसाळा सुरू झाला की सह्याद्रीचे फोटो मोबाइलवर धो धो कोसळायला लागतात आणि त्यातल्या प्रत्येक चांगल्या फोटोखाली एक प्रश्न हमखास येतो, "एडिट केलाय का?" विचारणाऱ्याच्या सुरात संशय असतो. उत्तर देणाराही ओशाळून "थोडासाच" म्हणतो. माझ्या मते गोम प्रश्नातच आहे. एडिट न केलेला डिजिटल फोटो नसतोच. फोनमध्ये ते काम आतली चिप गुपचूप उरकते, संगणकावर ते आपण हाताने करतो, इतकाच फरक. विचारायचंच असेल तर असं विचारावं : फोटोत जे दिसतंय, ते कॅमेऱ्यापर्यंत आलेल्या प्रकाशात होतं का? ही कसोटी हातात धरून सॉफ्टवेअरचे स्लायडर (उजेड, रंग कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) तपासले, की काहींबद्दलचा संशय पार गळून पडतो आणि काहींबद्दल वाढतो.

सुरुवात सेन्सरपासून, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपपासून करू. सेन्सरला रंग कळत नाही. त्याचा प्रत्येक पिक्सेल फक्त आपल्यावर किती प्रकाश पडला ते मोजतो. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांनी यावर काढलेल्या तोडग्याला १९७६ साली पेटंट मिळालं. प्रत्येक पिक्सेलवर एक चिमुकली रंगीत गाळणी बसवायची : दर चार पिक्सेलमागे दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. हिरव्या दुप्पट, कारण आपला डोळा उजेडाचे बारकावे मुख्यतः हिरव्याच्या आसपासच्या प्रकाशातून टिपतो. पण मग प्रत्येक पिक्सेलकडे तीनपैकी एकाच रंगाचा आकडा उरतो. बाकीचे दोन शेजाऱ्यापाजाऱ्यांवरून काढावे लागतात. म्हणजे 'अजिबात हात न लावलेल्या' फोटोतसुद्धा रंगांचे दोन-तृतीयांश आकडे मोजलेले नसतात, ते गणिताने भरलेले असतात.

हे गणित होण्याआधीचे कच्चे आकडे जिच्यात साठवतात ती रॉ फाइल. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या उजेडाला २५६ पायऱ्या असतात. १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये त्या १६,३८४ असतात. शिवाय सेन्सर सरळ हिशेबाने मोजतो : प्रकाश दुप्पट तर आकडा दुप्पट. त्यामुळे सगळ्यांत उजळ भागाला, म्हणजे वरच्या एका स्टॉपला (स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याचा एक टप्पा), यांतल्या ८,१९२ पायऱ्या मिळतात. त्याखालच्याला ४,०९६. असं निम्मं निम्मं करत आठव्या स्टॉपवर पोहोचेपर्यंत जेमतेम ६४ उरतात.

पायऱ्यांपेक्षाही मोठी अडचण खुद्द प्रकाशाची आहे. प्रकाश फोटॉनच्या दाण्यांनी येतो आणि ते दाणे बेभरवशाने पडतात. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० फोटॉन पडत असतील तर मोजणी १००ने इकडेतिकडे होते, म्हणजे एक टक्का. सरासरी १०० पडत असतील तर १०ने, म्हणजे दहा टक्के. दरीतल्या अंधाऱ्या झाडीवर शॅडोचा (अंधारे भाग उजळणारा) स्लायडर ओढला की जी रवाळ खर, म्हणजे नॉइज, वर येते, ती या बेभरवशाचीच. ती सॉफ्टवेअरने आणलेली नसते, आधीपासून तिथेच असते. उलट्या टोकाला, ढगाची कड जळून पांढरी झाली असेल तर पिक्सेल काठोकाठ भरून गेलेला असतो आणि त्याच्यावरचा प्रकाश मोजलाच गेलेला नसतो. तिथे हायलाइटचा (उजळ भाग मंद करणारा) स्लायडर कितीही मागे खेचा, पांढऱ्याचा राखाडी होईल, ढग परत येणार नाही. म्हणून रॉ टिपताना ढग जळणार नाही इतपत, पण त्या मर्यादेत जितकं उजळ टिपता येईल तितकं टिपावं, असं जाणकार सांगतात.

कास पठारावर सप्टेंबरात फोटो काढणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून पाहावी. तेरड्याच्या गुलाबी गालिच्याचा फोटो एकूण उजेडाच्या आलेखात (डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड दाखवणाऱ्या हिस्टोग्राममध्ये) नीट दिसतो, पण लाल रंगाचा आलेख वेगळा उघडला तर तो उजव्या भिंतीला जाऊन थडकलेला असतो. एकच रंग जळला, तरी पाकळ्यांवरच्या शिरा गेल्या आणि गुलाबी डाग तेवढे उरले. त्यात सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) वाढवणं म्हणजे आगीत तेल. अशा वेळी सॅच्युरेशन खाली घ्यावं आणि फुलांमधली हिरवी पानं थोडी काळोखी करावीत. फुलं आपोआप उठून दिसतात.

व्हाइट बॅलन्सचं, म्हणजे उजेडाच्या रंगाची दुरुस्ती करण्याचं, गूढ फार लोकांनी उगाच वाढवलंय. सॉफ्टवेअर लाल आणि निळ्या आकड्यांना एकेका संख्येने गुणतं, बस. उघड्या आभाळाखालच्या सावलीत निळा प्रकाश जास्त, म्हणून तिथे लाल वाढवायचा. आपला मेंदू ही दुरुस्ती सतत करत असतो, त्यामुळे आपल्याला ती कळत नाही. क्युरिऑसिटी या मंगळावरच्या बग्गीचे फोटो नासा दोन प्रकारे प्रसिद्ध करते. एकात मंगळाच्या धुळकट प्रकाशातला रंग तसाच असतो. दुसऱ्यात तेच खडक पृथ्वीवरच्या उजेडात कसे दिसले असते ते दाखवलेलं असतं, म्हणजे भूशास्त्रज्ञांना ते ओळखता येतात. यातला खरा कुठला, असं विचारण्यात अर्थ नाही. प्रकाश दोन्हींत एकच आहे.

आता धुरकट हवेकडे येऊ, कारण किल्ल्यावरून काढलेल्या प्रत्येक फोटोचं खरं दुखणं ते असतं. लांबच्या डोंगराकडून निघालेला प्रकाश वाटेत विखुरतो आणि थोडाच आपल्यापर्यंत पोहोचतो. त्याच वेळी मधल्या हवेने इतरत्र विखुरलेला उजेड आपल्या दिशेने येऊन त्यात मिसळतो. मूळ रंगात पांढरा चुना कालवत जावा तसं हे होतं : डोंगर जितका लांब, तितका रंग कमी आणि चुना जास्त. हवेचे रेणू निळा प्रकाश लालपेक्षा सुमारे चौपट विखुरतात, म्हणून पाऊस पडून हवा स्वच्छ झाली की दूरच्या रांगा निळ्या दिसतात. धूळ, धूर आणि बाष्पाचे थेंब मात्र बरेच मोठे असतात. ते सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात, म्हणून मार्च-एप्रिलात त्याच रांगा पांढुरक्या होतात.

मिसळलेलं वेगळं कसं करायचं? २००९ साली कायमिंग ही, जिआन सुन आणि शियाओऊ तांग या संशोधकांनी एक विलक्षण साधं निरीक्षण मांडलं. स्वच्छ हवेत बाहेर काढलेल्या फोटोचा आकाश सोडून कुठलाही छोटा चौकोन घ्या. त्यात लाल, हिरवा, निळा यांपैकी एका तरी रंगाचा आकडा कुठे तरी शून्याच्या जवळ सापडतोच. हिरव्या पानात निळा जवळपास नसतो, पिवळ्या फुलातही नसतो, दगडाच्या सांदीत तर तिन्ही नसतात. मग एखाद्या चौकोनात सगळ्यांत लहान आकडासुद्धा मोठा निघाला, तर तो मोठेपणा बहुधा हवेचा. तेवढा वजा करायचा आणि उरलेलं मूळ ताकदीला वाढवायचं. या हिशेबात कुठला भाग किती लांब आहे याचा ढोबळ नकाशाही फुकटात हाती येतो. एकाच सपाट फोटोतून अंतर! डीहेझ नावाचे स्लायडर काय साधू पाहतात हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण नाही.

पण या युक्तीची मेख तिच्या गृहीतकातच आहे. पांढराशुभ्र धबधबा, दरीतून वर चढणारा ढग यांत एकही रंग शून्याजवळ नसतो. हिशेबाला ती खराब हवाच वाटते आणि धबधबा मळकट होतो. दुसरं म्हणजे, डोंगराचा एक-दशांशच प्रकाश पोहोचला असेल तर तो दहापट करावा लागतो आणि त्याबरोबर खरही दहापट होते. तिसरी अडचण गणितातली नाही, नजरेची आहे. एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या रांगांमुळेच तर आपल्याला खोली जाणवते. ती फिकट छटा पुसली की मागचा सुळका पुढच्या धारेवर चिकटवल्यासारखा दिसतो. मी हा स्लायडर पुढच्या दोन धारांवर मास्क लावून (म्हणजे तेवढाच भाग निवडून) अगदी हलका पुढे सरकवतो आणि मागच्या रांगांवर तोच उलट्या बाजूला नेतो. संपूर्ण फोटोवर तो एकदम ओढणाऱ्यांशी माझं जमत नाही.

असं भागाभागांवर वेगवेगळं काम करणं संगणकाने शिकवलं, हा मात्र गैरसमज. १८५०च्या दशकात फोटो रसायन लावलेल्या काचेवर टिपत, आणि ती रसायनं निळ्या प्रकाशाला फार लवकर भुलत. समुद्र नीट यावा तर आकाश जळून जाई. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७च्या सुमारास काही समुद्रचित्रांसाठी आकाशाची एक आणि पाण्याची एक अशा दोन काचा (निगेटिव्ह) वापरून एकच प्रिंट बनवली. अमेरिकी छायाचित्रकार अँसल अ‍ॅडम्स यांनी १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय टिपला. मावळता उजेड निसटत होता आणि प्रकाशमापक सापडत नव्हता, तेव्हा त्यांनी चंद्राच्या तेजाचा ठाऊक असलेला आकडा धरून एक्सपोजर ठरवलं. पुढे कित्येक वर्षं त्याच निगेटिव्हवरून प्रिंट काढताना ते आकाश अधिकाधिक काळं करत गेले. थॉमस आणि जॉन नोल या भावांचं फोटोशॉप बाजारात आलं १९९० साली. त्यातल्या 'डॉज' (एखादा भाग उजळणारं) आणि 'बर्न' (तो काळोखा करणारं) या हत्यारांची नावंसुद्धा डार्करूममधूनच आली आहेत.

आपल्याकडे सध्या सगळ्यांत जास्त फसगत होते ती काजव्यांच्या फोटोंनी. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत झाडं लुकलुकायला लागतात, आणि फोटोत झाडाच्या पानापानावर काजवा दिसतो. हा फोटो बहुधा एका क्षणाचा नसतो. ट्रायपॉडवर कॅमेरा पक्का करून वीस-तीस सेकंदांची एकेक फ्रेम, अशा तास-दीड तास टिपतात. मग सगळ्या फ्रेम एकावर एक लेयर म्हणून रचून त्यांना 'लाइटन' हा मोड देतात. या मोडचा नियम इतकाच : प्रत्येक जागी सगळ्या फ्रेममधला सर्वांत मोठा आकडा ठेवा, बाकीचे विसरा. तासाभरात जिथे कुठे काजवा चमकला, तो प्रत्येक ठिपका त्यात राहतो.

त्यातल्याच शंभर फ्रेमची सरासरी काढली तर? एकाच फ्रेममध्ये चमकलेल्या काजव्याचं तेज शंभराने भागलं जातं आणि तो गायब होतो. पण खरही घटते, फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाने. शंभर फ्रेम, खर एक-दशांश. 'लाइटन'मध्ये याच्या अगदी उलट घडतं : तो खरेतलाही सर्वांत मोठा आकडाच उचलतो, त्यामुळे काळोख करडा आणि रवाळ होत जातो. म्हणून मुरलेली माणसं झाडं आणि आकाश सरासरीतून घेतात आणि काजवे 'लाइटन'मधून. हरिश्चंद्रगडावरून काढलेली ताऱ्यांची वर्तुळं हीसुद्धा 'लाइटन'चीच करामत. तासाभराच्या फ्रेम रचल्या की ध्रुवाभोवती प्रत्येक ताऱ्याचा १५ अंशांचा कंस उमटतो.

आपल्या कसोटीवर हे फोटो उतरतात, कारण प्रत्येक ठिपका कॅमेऱ्यापर्यंत आलेला प्रकाशच आहे. खोटा आहे तो फक्त 'एकाच वेळी' हा समज, आणि तो फोटोखाली एक ओळ लिहून सहज मोडता येतो. ही ओळ लिहिली जात नाही याचा मला राग येतो. फोटो पाहून गर्दी जंगलात शिरते, तेवढे काजवे दिसत नाहीत म्हणून आणखी आत घुसते, टॉर्च आणि गाड्यांचे दिवे लावते. काजव्याचा उजेड ही जोडीदाराला घातलेली साद असते, आणि आपल्या उजेडात ती विरून जाते.

काही फोटो याच्या नेमके उलटे असतात : पाहताक्षणी खोटे वाटतात आणि कसोटीवर मात्र खणखणीत उतरतात. सिलिकॉनच्या सेन्सरला डोळ्यापलीकडचा अवरक्त प्रकाशही दिसतो. एरवी तो अडवायला सेन्सरपुढे एक काच बसवलेली असते. हौशी लोक ती काढून ७२० नॅनोमीटरच्या आसपासची, म्हणजे दिसणारा बहुतेक प्रकाश अडवून अवरक्त आत सोडणारी गाळणी लावून घेतात. पानातलं हरितद्रव्य अवरक्त प्रकाश खात नाही आणि पानाच्या आतल्या पेशींची रचना त्याचा मोठा भाग परत फेकते. त्यामुळे पावसाळ्यातलं गर्द रान या फोटोत पांढरंशुभ्र येतं. मग सॉफ्टवेअरमध्ये लाल आणि निळ्याची अदलाबदल केली की वर निळं आकाश आणि खाली पांढरी झाडी. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांनी असे फोटो १९१०मध्ये प्रसिद्ध केले होते. इस्रोच्या उपग्रहचित्रांत जंगल लालभडक दिसतं तेही याच परावर्तनामुळे, तिथे अवरक्त आकडा लालच्या जागी दाखवलेला असतो.

आणि मग येतं बदललेलं आकाश. फेब्रुवारी १९८२मध्ये 'नॅशनल जिऑग्राफिक'ने आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठावर मावावा म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकावर जवळ सरकवले, त्यावर केवढा गदारोळ झाला होता. आज फोटोशॉपमध्ये आकाश बदलायला २०२०पासून स्वतंत्र सोय आहे, आणि २०२३पासून नुसतं शब्दांत सांगून नसलेला तलावही मागवता येतो. चित्र म्हणून त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती 'काल संध्याकाळी पवना धरण' असं खाली लिहायला.

असा फोटो ओळखायचा तर आकाश बघू नये, बाकीचं सगळं बघावं. सूर्य मावळतीला टेकलेला असेल तर सावल्या लांबलचक हव्यात आणि सूर्यापासून दूर जाणाऱ्या हव्यात. कड्याच्या उजेडातल्या बाजूवर केशरी आणि सावलीतल्या बाजूवर निळसर छटा हवी, कारण तिथे फक्त आभाळाचा उजेड पोहोचतो. पाण्यातलं आकाश वरच्या आकाशापेक्षा जरासं काळोखंच असायला हवं, कारण पाणी पडलेला सगळा प्रकाश परत फेकत नाही. झाडांच्या शेंड्यांमधल्या फटींतून जुन्या आभाळाचे पांढरे कवडसे डोकावत असतील, तर मग विचारायचं काही उरतच नाही.